जुन्या पद्मिनीत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर: बैठक आणि ब्रॅकेट घरच्या घरी कसे बनवावेत

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याआधीची फियाट ११०० डिलाइट हाताशी असेल, तर मे महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा कुठे जातो हे वेगळं सांगायला नको. १०८९ सीसीचं इंजिन तसं थंड डोक्याचं आहे. बहुतेक वेळा दोष मूळ तांबं-पितळेच्या रेडिएटरमध्ये चाळीस-पन्नास वर्षं साठलेल्या क्षाराचा असतो. म्हणून पहिला सल्ला असा: जुना रेडिएटर आधी चांगल्या कारागिराला दाखवा. टाक्या शाबूत असतील तर नवी जाळी (दोन टाक्यांमधला नळ्यांचा भाग, म्हणजे कोर) बसवून तो पूर्ववत होतो आणि मग पुढचं काहीच करावं लागत नाही. टाक्या गेल्या असतील, जाळी मिळत नसेल किंवा इंजिन बदललेलं असेल, तर बाजारातला अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावा लागतो. तो या गाडीसाठी बनलेला नसल्यामुळे त्याची भोकं गाडीच्या भोकांशी जुळत नाहीत. इथून फॅब्रिकेशन सुरू होतं.

बहुतेक गॅरेजमध्ये या कामाचा एकच प्रकार दिसतो: चार कोपऱ्यांना चार पट्ट्या, आठ बोल्ट, आणि सगळं करकचून आवळलेलं. सहा महिन्यांनी टाकी आणि नळ्यांच्या जोडावर ओल दिसते आणि खापर रेडिएटरच्या दर्जावर फुटतं. पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच तिची चॅसिस. एक चाक खड्ड्यात गेलं की समोरचा पत्रा थोडा पिळला जातो. रेडिएटर त्याला चारही कोपऱ्यांत घट्ट बांधलेला असेल तर तो पीळ थेट जाळीत उतरतो. तांबं-पितळेचा झाळलेला जोड थोडं सोसतो, अ‍ॅल्युमिनियमचा ब्रेझ केलेला जोड तेवढं सोसत नाही. रेडिएटर धरायचा असतो, आवळायचा नसतो. सगळं वजन खाली दोन रबरी बैठकांवर टेकवायचं आणि वरच्या दोन ब्रॅकेटांनी त्याचं पुढे-मागे डोलणं तेवढं थांबवायचं. पुढची सगळी मापं या एका गोष्टीसाठी आहेत.

रेडिएटर घेण्याआधी

टेप आणि गुण्या घेऊन गाडीपाशी बसा. समोरच्या पत्र्यातल्या उघड्या चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. ठोकलेल्या गाडीत ती तिन्हीकडे सारखी भरत नाही, तेव्हा सर्वांत लहान माप धरा. मग पंख्याच्या पात्यापासून गाडीच्या समोरच्या ग्रिलपर्यंतची खोली घ्या. या खोलीतून पात्यापुढचे २५ मिमी वजा करा. ब्रेक मारल्यावर इंजिन त्याच्या रबरांवर पुढे झुकतं. रबर जुनी असतील तर जास्तच झुकतं आणि पातं जाळीत घुसतं. इंजिनचे माउंट बदलायचे असतील तर ते आधी बदला आणि मग मोजा, नाहीतर पंख्याची उंचीच बदलून बसते.

रेडिएटरची झाकणाची जागा पूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच असली पाहिजे, थर्मोस्टॅटच्या घरापेक्षाही. आडव्या प्रवाहाचे बुटके रेडिएटर स्वस्तात मिळतात, पण ते खाली बसले की हवा इंजिनच्या डोक्यात अडकते आणि मग वर वेगळी एक्स्पान्शन टाकी लावावी लागते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने वर-खाली टाक्या असलेला उभ्या प्रवाहाचाच घ्यावा. पाइपांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत आणि त्यांचा व्यास किती, हे व्हर्नियरने मोजून इंजिनच्या तोंडांशी ताडून पाहा. पाच-सहा मिमीचा फरक असेल तर एका टोकाला मोठा आणि दुसऱ्या टोकाला लहान असा होज मिळतो. क्लिप जास्त आवळून फरक मिटत नाही.

आणखी एक गोष्ट कागदपत्रांची. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयात येत आहेत. तेव्हा समोरचा पत्रा कापू नका, त्यावर काही वेल्ड करू नका. पत्र्यात आहेत त्याच भोकांना ब्रॅकेट बोल्टाने बसवा, म्हणजे उद्या मूळ रेडिएटर परत लावता येईल.

सामान

- ३ मिमी जाडीची माइल्ड स्टीलची पट्टी, ७० मिमी रुंद, सुमारे अर्धा मीटर (बैठकांसाठी). २५ मिमी रुंद, एक मीटर (वरच्या ब्रॅकेटांसाठी)
- २५×२५×३ चा अँगल, चौकटीच्या रुंदीपेक्षा १०० मिमी जास्त
- ईपीडीएम (उष्णतेला टिकणारं कृत्रिम रबर) शीट, ५ मिमी जाड, कडकपणा शोअर ए ६० च्या आसपास, साधारण एक फूट चौरस
- ३ मिमी पत्र्यासाठी खाच असलेले रबर ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या रबरी कड्या), दोन. पत्र्यातलं भोक १६ मिमीचं
- ग्रोमेटमध्ये बसणारी स्टीलची नळी, आतून ६.५ मिमी
- एम६ आणि एम८ चे ८.८ ग्रेडचे बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे), मोठे वायसर
- रेड ऑक्साइड, काळा इनॅमल, बंद छिद्रांच्या फोमची चिकटपट्टी

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रबर, बोल्ट आणि वायसर एका फेरीत मिळतात. पुण्यात नाना पेठ आणि बोहरी आळी धुंडाळा. कोल्हापूरकरांना उद्यमनगर असताना पट्टी घरी वाकवायचीही गरज नाही, माप दिलं की ब्रेक प्रेसवर वाकवून मिळते. रबर घेताना ‘ईपीडीएम’ असं स्पष्ट सांगा. ट्यूब कापून लावलेलं रबर उष्णतेने कडक होतं. कडक झालेलं रबर असून नसल्यासारखंच. स्टेनलेस पट्टीचा मोह टाळा. अ‍ॅल्युमिनियमला ती टेकली आणि त्यात पावसाचं पाणी शिरलं की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत फार लवकर. साधं स्टील रंगवून, मध्ये रबर घालून वापरा.

डमी बनवा

ही पायरी नवखे लोक हमखास गाळतात. नवा रेडिएटर आत-बाहेर करत मापं घेतली की निम्मे फिन (जाळीतल्या नळ्यांमधले पातळ पत्रे) तिथेच दुमडतात. त्याऐवजी प्लायवूड आणि पुठ्ठ्याचा त्याच मापाचा खोका बनवा. टाक्या जाळीपेक्षा जाड असतात, ती जाडी खोक्यात उतरली पाहिजे. पाइपांच्या जागी त्याच व्यासाचे पीव्हीसीचे तुकडे चिकटवा, झाकणाच्या जागी झाकणाएवढा ठोकळा. रेडिएटरवर जिथे बोल्ट लावायचे कान आहेत तिथे प्लायवर भोकं पाडा.

हा डमी गाडीत ठेवा, खाली लाकडाच्या पाचरी घालून उचला आणि सुतळीने वर बांधा. मग एकेक तपासा. पंख्याच्या प्रत्येक पात्यापासून २५ मिमी. टाकीच्या माथ्यावर चिकणमातीचे गोळे ठेवून बोनेट सावकाश लावा आणि उघडून चपटी झालेली माती मोजा, झाकणावर किमान १० मिमी उरली पाहिजे. बाजूंना प्रत्येकी ३ ते ५ मिमी मोकळे हवेत. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम पसरतं: ४५० मिमी रुंदीचा रेडिएटर ७० अंशांनी तापला की जवळपास पाऊण मिमी वाढतो, आणि दोन्ही बाजूंनी पत्र्यात अडकला तर वाढायला जागाच नसते. खालची टाकी समोरच्या आडव्या पत्र्यापेक्षा खाली लोंबू देऊ नका, पहिल्याच उंच स्पीडब्रेकरला ती गेली समजा. पाणी सोडायच्या तोटीपर्यंत हात पोहोचतो का तेही आत्ताच बघा.

जागा पक्की झाली की डमीच्या खालच्या टाकीपासून पत्र्यातल्या मूळ भोकांपर्यंतची अंतरं डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळी लिहून घ्या. ती सारखी येतील असं गृहीत धरू नका.

खालच्या बैठका

समजा रेडिएटर ४५० मिमी रुंद, ४०० मिमी उंच आणि खालची टाकी ५० मिमी जाड आहे. कूलंटसह वजन सात किलोच्या आसपास भरतं. खड्ड्यात चाक आपटलं की क्षणभर तेच वजन तीन-चार पट होतं, म्हणजे पंचवीस किलोच्या आसपास. हे पेलायला ३ मिमी पट्टी भरपूर आहे. लोक ५ मिमीची लावतात, त्याने फक्त वजन वाढतं.

दोन यू आकाराच्या बैठका बनवायच्या. टाकी ५० मिमी, दोन्ही बाजूंना ५ मिमी रबर, मिळून ६० मिमी. पण यू आतून ५९ मिमी ठेवा, म्हणजे रबर एक मिमी दाबलं जाऊन टाकी खडखडणार नाही. बाहेरून रुंदी ६५ मिमी, दोन्ही उभे कान बाहेरून २५ मिमी. तुकडा किती लांब कापायचा? २५, ६५ आणि २५ मिळून ११५. प्रत्येक काटकोनात वाकवताना ३ मिमी पट्टीत सुमारे साडेपाच मिमी कमी लागतात, दोन वाकांचे अकरा. म्हणून तुकडा १०४ मिमीचा. बैठकीची लांबी पट्टीच्या रुंदीएवढीच, ७० मिमी.

शिकंज्यात धरून थंडच वाकवा, पण शिकंज्याच्या कोऱ्या धारेवर नाही. धारेची कड ३ मिमी गोल केलेला तुकडा मागे लावा. धारदार कोपऱ्यात वाकवलेली पट्टी बाहेरच्या अंगाने केसाएवढी चिरते, आणि ती चीर रंगाखाली लपून वर्षभरात पुढे सरकते. वाकवण्याआधीच तळाला ८ मिमीचं एक भोक पाडून ठेवा, पाणी आणि चिखल निथळून जायला. हे भोक नसलेली बैठक पावसाळाभर भरलेली राहते. भोकं पाडल्यावर आणि कापल्यावर सगळ्या कडा कानशीने मारा, खरखरीत कड रबर कापते.

बैठकीचा कान टाकीला धरतो, जाळीला नाही. वरच्या हिशोबाने कान आतून २२ मिमी, खालचं रबर ५, म्हणजे टाकीचे १७ मिमी पकडीत येतात. तुमच्या रेडिएटरची खालची टाकी यापेक्षा बुटकी असेल तर कान कमी करा. फिनला आणि नळ्यांना धातू टेकला की घासून भोक पडणारच.

आता अँगल. तो चौकटीच्या खालच्या मूळ भोकांवर आडवा बसेल असा कापा आणि टोकांना ८.५ मिमीची भोकं पाडा. भोकाचं केंद्र कडेपासून निदान १३ मिमी आत असू द्या. दोन्ही टोकांपैकी एका टोकाचं भोक ८.५×१४ चं लंबगोल करा, मग ठोकलेल्या गाडीतही बसवता येतं. बैठका अँगलवर रेडिएटरच्या टोकांपासून साधारण ९० मिमी आत ठेवा. अगदी टोकाला ठेवल्या की टाकी मध्ये झुलते, अगदी जवळ आणल्या की रेडिएटर डोलतो. मध्ये पाण्याचा पाइप किंवा तोटी येत असेल तर तेवढं सरकवायला हरकत नाही.

वेल्डिंग

वेल्डिंग गाडीबाहेरच. रेडिएटर जवळपाससुद्धा नको, एक ठिणगी फिनमधून नळीला भोक पाडते. अँगल गाडीत बोल्टाने बसवा, बैठका त्यावर सी-क्लॅम्पने धरा, डमी ठेवून पाणसळीने लेव्हल पाहा, मग खडूने नाही तर सुईने खुणा करा. सगळं बाहेर काढून आधी चार टाके मारा आणि पुन्हा गाडीत डमीसह लावून पाहा. जुळलं तरच पूर्ण वेल्ड. ६०१३ चा २.५ मिमी रॉड आणि ७०-८० अँपिअर या जाडीला पुरतात. एका बाजूने सलग ओढत गेलात तर अँगल केळ्यासारखा वाकतो. म्हणून २० मिमीचे तुकडे, आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे. स्लॅग झाडा, जोड घासा, लगेच रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमल. बैठकीच्या आतल्या बाजूलाही रंग हवा, तिथेच पाणी थांबतं.

रंग पूर्ण वाळल्यावर रबर लावा. तळाला एक तुकडा, दोन्ही कानांना एकेक, रबराच्या अ‍ॅडहेसिव्हने. तळाच्या रबरात निथळण्याचं भोक पाडायला विसरू नका.

वरचे ब्रॅकेट

बाजारातल्या बऱ्याच रेडिएटरना चारही कोपऱ्यांना भोकं असलेले कान असतात. खालचे दोन रिकामेच ठेवा. ते दिसले की हात शिवशिवतो, पण ते बोल्टाने बांधले की पुन्हा चार कोपऱ्यांची गोष्ट झाली.

वरच्या दोन कानांसाठी २५ मिमी पट्टीचे झेड आकाराचे ब्रॅकेट बनवा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीत दुमडून पाहा, मगच पट्टीला हात लावा. गाडीकडच्या टोकाला ६.५×१४ मिमीची उभी खाच, म्हणजे उंची जुळवता येईल. रेडिएटरकडच्या टोकाला ग्रोमेटसाठी १६ मिमी भोक. २५ मिमी पट्टीत हे भोक केल्यावर दोन्ही बाजूंना साडेचार मिमीच उरतात, तेव्हा भोक नेमकं मधोमध पडायला हवं. आधी सेंटर पंच, मग ५ मिमी, मग १० मिमी, शेवटी स्टेप ड्रिल. ड्रिल थेट मोठं लावलं की पट्टी फिरते आणि बोटं जातात.

ग्रोमेटच्या आत स्टीलची नळी घालणं ही या ब्रॅकेटची खरी चावी आहे. ग्रोमेटची एकूण जाडी १४ मिमी असेल तर नळी १३ मिमी लांब कापा. बोल्ट आवळला की वायसर नळीवर टेकतो, रबर फक्त एक मिमी दाबलं जातं आणि बोल्ट तरीही घट्ट राहतो. नळी नसेल तर दोनच पर्याय उरतात: बोल्ट ढिला ठेवा आणि तो गळून पडेल, किंवा आवळा आणि रबर चुरगळून मेलेलं पाहा.

बोल्ट एम६×३०, दोन्ही बाजूंना मोठे वायसर, मागे नायलॉक. कानात आधीच आटे असलेली अ‍ॅल्युमिनियमची बुश असेल तर लहान स्पॅनरने, मनगटाच्या जोराने. तिथले आटे गेले तर टाकी उघडावी लागते. स्टीलवर स्टील असेल तिथे एम६ ला सुमारे १० न्यूटन-मीटर, एम८ ला सुमारे २४. गाडीच्या पातळ पत्र्याला बोल्ट लागतो तिथे मागून ४०×४० चा ३ मिमी पत्र्याचा तुकडा द्या, नाहीतर पत्रा भोकाभोवती फाटतो. जुनी बसवलेली नट गंजलेली असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. बोल्ट पहिले तीन आटे हातानेच जायला हवा. हेच काम अँबॅसडरवर करणार असाल तर सावध, जुन्या गाड्यांत इंची आटे असतात आणि एम८ तिथे जबरदस्तीने अर्धा जाऊन अडकतो.

बसवणं

नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिनचा पाण्याचा मार्ग उलट्या दिशेने धुवा. निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. बिडाच्या ब्लॉकमधला गंज नव्या बारीक नळ्या आठवड्यात बुजवतो.

आधी खालचा अँगल पक्का, मग रेडिएटर बैठकांत सरळ वरून. जाळीपुढे पुठ्ठा चिकटवलेला असू द्या. वरचे बोल्ट सैल लावून रेडिएटर हाताने हलवा. तो स्वतःच्या वजनाने बैठकीत टेकलेला असताना वरचं ग्रोमेट कुठेही पिळलेलं दिसता कामा नये. दिसलं तर खाचेतून ब्रॅकेट वर-खाली करा आणि मग आवळा. पूर्ण बसल्यावर हाताने ढकललं की दोन-तीन मिमी हलायला हवा आणि सोडल्यावर जागेवर यायला हवा. अजिबात हलत नसेल तर काहीतरी धातूला धातू टेकलं आहे, ते शोधा.

बाजूच्या फटींत फोमपट्टी लावा. हवा सोपी वाट बघते, आणि १० मिमीची फट दोन्हीकडे राहिली तर बरीच हवा जाळीला वळसा घालून निघून जाते. होज तोंडावर ३० मिमी चढवा, क्लिप कंगोऱ्याच्या आत. इंजिन हलतं आणि रेडिएटर तेवढा हलत नाही, हा फरक होजनेच सोसायचा असतो. ताणून बसवलेला आखूड होज टाकीचं तोंड उपटतो.

विजेचा पंखा लावायचा असेल तर जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या खिळ्यांनी नको. ते डोलतात आणि नळी झिजवतात. बाजूच्या चौकटीवर किंवा वेगळ्या पट्टीवर धरा, रिले आणि २० अँपिअरचा फ्यूज द्या. गाडीत अजून डायनॅमो असेल तर हा विचार सोडा. आयडलवर, म्हणजे ट्रॅफिकमध्ये, नेमका पंखा लागतो तेव्हाच डायनॅमो जेमतेम चार्ज करतो. आधी अल्टरनेटर, मग पंखा.

झाकण मूळ गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबाचंच घ्या. नव्या रेडिएटरसोबत ०.९ किंवा १.१ बारचं झाकण येतं आणि ते मोहात पाडतं: ०.५ बारला पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं, ०.९ ला ११८ च्या पुढे. पण तोच दाब जुन्या पंपाच्या सीलवर आणि होजवरही येतो.

भरताना बोअरिंगचं पाणी वापरू नका. डिमिनरलाइज्ड पाणी आणि अ‍ॅल्युमिनियमला चालणारं कूलंट, आपल्या हवेत ३० ते ४० टक्के पुरे. गाडीचं नाक थोडं उंच करा, झाकण उघडं ठेवून हळूहळू ओता, इंजिन चालू करून वरचा होज गरम होईपर्यंत थांबा. पातळी खाली जाईल, ती भरून झाकण लावा.

पहिल्या ५० किमीनंतर इंजिन पूर्ण थंड असताना सगळे बोल्ट आणि क्लिपा तपासा, ५०० किमीनंतर पुन्हा. बैठकीजवळच्या रंगावर चमकदार घासल्याची खूण दिसली तर तिथलं रबर सरकलं आहे. त्याच वेळी मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार झाकण काढून कूलंटमध्ये, टाकीला न टेकवता. इंजिन चालू, दिवे आणि पंखा चालू असताना ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर एकेक उपकरण बंद करत जा. ज्याने आकडा पडतो त्याची अर्थिंग खराब आहे आणि त्याचा करंट कूलंटमधून वाट काढतो आहे, असा रेडिएटर आतून खाल्ला जातो. इंजिनपासून बॉडीपर्यंतची अर्थची पट्टी आधी बघा. जुन्या पद्मिनीत ती बहुधा हिरवी पडलेली किंवा एका धाग्यावर लोंबकळत असते. पंख्याची अर्थ तार रेडिएटरच्या ब्रॅकेटला लावलेली असेल तर तीही काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.